मुरूम लागला म्हणे

५ मे १९९६, रविवार
दोन फुटांवर मुरूम लागला म्हणे! बिरदेव मिस्त्रीनं परसात खांबाच्या खड्ड्यात पहार आपटली, टण्ण वाजली, आणि सोमनाथचा चेहरा असा फुलला की जणू खजिना सापडला. एवढा शिकलेला माझा मुलगा, कारखान्यात फिटर — आणि हे!

अरे, तो मुरूम मी टाकलाय! पंच्याऐंशी साली हे घर बांधलं तेव्हा परसात पाणी साचायचं, म्हणून चार ट्रॉल्या आणून ओतल्या. त्याच्याखाली सगळी काळी माती. खरा मुरूम सात फुटांवर. घराचा पाया काढताना मी स्वतः खड्ड्यात उतरून बघितलाय.

खिडकीतून ओरडलो. तोंडातून काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. सून, रतन, धावत आली. म्हणाली, ‘‘नाना, लघवी लागली का?’’

६ मे
जानेवारीत अर्धांग झालं. डावी बाजू गेली आणि जीभ गेली. डोकं जागेवर आहे, उजवा हातही — हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

पुढच्या दाराला सात पायऱ्या. खुर्चीसकट उचलायला दोन गडी लागतात, म्हणून चार महिन्यांत फक्त दवाखान्यापुरता बाहेर पडलोय. मागचं दार जमिनीपासून अडीच फूट उंच. त्या दाराच्या उंबऱ्याला टेकून परसात लाकडी फळ्यांचा ओटा करायचा, खाली सहा खांब, म्हणजे माझी चाकाची खुर्ची मी माझ्या हातानं ढकलून लिंबाखाली नेईन. कुणाला विचारणं नाही, हाका नाहीत. ही कल्पना सोमनाथची. पोरगं मायेचं आहे. पण ऐकून घेत नाही.

आज चिठ्ठी लिहिली — ‘मुरूम भरावाचा आहे. खाली काळी. सात फूट जा.’ सोमनाथनं वाचली, हसला. ‘‘नाना, सहा खांबांचा तर ओटा. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?’’ आणि म्हणाला, मिस्त्रीला दाखवा, त्याला पटलं तर खोल जाऊ.

७ मे
मिस्त्रीला खुणेनं खिडकीशी बोलावलं. चिठ्ठी दिली. त्यानं नीट धरली, बघितली, ‘‘व्हय गुरुजी’’ म्हणाला आणि खिशात घातली. मला वाटलं, चला, सुटलो.

८ मे
सुटलो कसला! त्याच दोन फुटांवर खडीचा थर आणि वर काँक्रीट. मी खिडकीचे गज वाजवले. मिस्त्रीनं वर बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा घमेलं उचललं. इतका माज! पंचावन्न वर्षांच्या घोड्याला कळत नाही होय?

१२ मे
बारामतीहून साडू भेटायला आले. माझ्यासमोर बसून रतनला विचारतात, ‘‘नानांना चहात साखर चालते का?’’ मला विचारा ना! कप सांडला. मुद्दाम सांडला.

१३ मे
दुसरी चिठ्ठी, मोठ्या अक्षरात. पुन्हा ‘‘व्हय गुरुजी.’’ पुन्हा खिसा.

चौतीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. वस्त्या-वस्त्या फिरलो, हातापाया पडलो, पोरं शाळेत घाला म्हणून. आणि आज माझी एक ओळ वाचून मानणारा माणूस मला मिळत नाही!

२२ मे
खांब उभे. त्यावर कारखान्याच्या भंगारातले लोखंडी अँगल, वर बाभळीच्या फळ्या. काम देखणं झालंय, खोटं कशाला बोलू.

२४ मे
बाहेर गेलो. एकटा. लिंबाखाली तासभर. कुणाशी काही बोललो नाही — बोलता येत नाही तो भाग वेगळा. उन्हाचा चटका बसला तरी आत आलो नाही.

२८ मे
शेजारच्या महिपतीच्या उसाला पाटाचं पाणी सुटलं. त्याचा पाण्याचा दांड आमच्या कुंपणाला लागून. मी खांबांकडे बघत बसलो.

२ जून
दार उघडेना. काळी माती पाणी प्यायली, फुगली, खांब दोन बोटं वर आले. दार बाहेर उघडतं. फळ्या त्याच्या तळाशी घट्ट बसल्यात. सोमनाथनं खांदा लावला, रतननं लावला. दार हलत नाही. आता मागची हवाही बंद! खिडकी होती तेवढीच राहिली.

सोमनाथ माझ्यासमोर खाली मान घालून उभा होता. मी वहीत लिहून दाखवलं — ‘सात फूट.’ या वेळी हसला नाही.

४ जून
मिस्त्रीला बोलावलं. मी पाटीवर लिहिलं, ‘चिठ्ठ्या का मानल्या नाहीस? उत्तर दे!’ त्यानं पाटीकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, ‘‘व्हय गुरुजी.’’

पाटी फेकली. टवका उडाला. रतन रडली. मला काही वाटलं नाही.

९ जून
फळ्या काढल्या, खांब पाडले. आज बिरदेव सात फूट गेला. दोघांनी मला खुर्चीसकट उचलून खड्ड्याच्या काठावर नेलं. काळी संपली, पिवळट कडक थर लागला. त्यानं ढेकूळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी मान हलवली. हाच.

तो काठावर बसला, हात पुसले. सोमनाथ पाणी आणायला गेला तेवढ्यात बोलला.

‘‘मला वाचाया येत न्हाय, गुरुजी. सांगाया लाज वाटली. लोणी भापकरला तुमच्याच शाळंत हुतो मी, दुसरीत. दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन कोकणात जायचो. जेठात माघारी आलो तर पटावर माझं नाव न्हवतं. बा म्हनला, गुरुजीनं काढलंय तर र्‍हाऊ दे.’’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१० जून
लोणी भापकरला पाच वर्षं होतो. सलग गैरहजर पोरांची नावं दर डिसेंबरात कमी करायचो. तपासणीला हजेरी चांगली दिसायची. किती नावं, मोजली नाहीत.

बिरदेवचा तेव्हाचा चेहरा आठवून बघतोय. आठवत नाही.