न वाळणारा पंचा

अण्णा, तुमच्या त्या शहराच्या हवामानाच्या आकड्यांची फाइल या आठवड्यात माझ्या टेबलावर आली. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मी इमारती गार ठेवण्याची गणितं करते, आणि या वेळची इमारत तुम्ही ज्या बंदरावर क्रेनची देखभाल करत होता, त्याच्या जवळचीच निघाली. शेजारी बसणारी सहकारी म्हणाली, वाळवंटच आहे ना, पाण्यावर चालणारे कूलर बसवू. मी तिला समजावलं की हे वाळवंट समुद्राला लागून आहे. पाऊस जवळजवळ नाही, पण उन्हाळ्यात दुपारचा वारा समुद्रावरून वाफ घेऊन येतो. हवेत आधीच इतकं पाणी असलं की ओलं काही सुकत नाही, आणि सुकत नाही म्हणून गारही होत नाही. सरी, सरी, बरं बरं, असं कन्नडमध्ये म्हणत तिने कूलर खोडले. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुम्ही हेच मला शुक्रवारच्या फोनवर सांगत होता. मी नववीत आहे, आई ओट्यापाशी पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही सांगताय की खोलीतून बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही. मी म्हणते, वाळवंटात वाफ कुठली, अण्णा? भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटाची हवा कोरडी होती. मग उपायही मीच सांगितला: ओला पंचा मानेभोवती गुंडाळा, पाणी उडेल तसं गार वाटेल. पुढच्या शुक्रवारी तुम्ही कौतुकाने म्हणालात की खोलीतले चौघेही आता माझ्या लेकीचा, आमच्या इंजिनिअरबाईंचा, पंचा बांधून कामाला जातात. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जरा चाचरत म्हणालात, "पंचा वाळतच नाही गं. सकाळी बांधला तसाच संध्याकाळी ओला."

"नीट पिळत नसाल," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. पिळून बघतो म्हणालात.

ऑगस्टमधल्या एका दुपारी तुम्ही क्रेनखाली कोसळलात. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. पंच्याचा त्यात किती भाग, हे मला कुठल्याही सूत्राने काढता येत नाही. कदाचित काहीच नसेल. पण पंचा वाळत नाही हे ऐकल्यावर कोणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं की काम थांबवा, गार खोलीत जाऊन बसा. आणि तो वाळत नाही हे तुम्ही फक्त मला सांगितलं होतं. त्या दुपारचे तासातासाचे आकडे फाइलीत आहेत. मी ते पाहिले. आता त्यांचं काही करता येत नाही.

तुमच्या सामानाच्या बॅगेतून पंचा आला तेव्हा दमट होता, कुबट वास येत होता. आईने तो धुऊन मल्लेश्वरमच्या घराच्या गच्चीवर तारेवर टाकला. ऊन होतं, वारा होता. तासाभराने मी काढायला गेले तर कडकडीत वाळलेला. आईला हे मी कधीच सांगितलं नाही, आणि हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिते. तो हातात घेतल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच: बघा अण्णा, वाळतो ना.