चाड्याची कड

सोम. १२ जाने.
शेळगावचे तात्या चाडं घेऊन आले. बाभळीचं, त्यांच्या आईचं. तिफणीवरच्या ह्या वाडग्यातच मूठ मूठ बी सोडून म्हातारीनं उभी हयात पेरणी केली. तिफण मोडली, चाडं तेवढं उरलं. नातवाच्या नव्या घरात मांडायचंय. गुळगुळीत करा म्हणाले, बाकी तुमच्यावर. म्हटलं, निर्धास्त जावा.

मंगळ. १३
घासायच्या मशीनवर वेगाचे आकडे एक ते सहा. लोक सँडर घेत्यात नि सरळ सहावर सोडत्यात. लाकूड करपलं की दुकानदाराच्या नावानं शिमगा. आपलं तसं न्हाय. प्लायवूड दोनवर, सागवान चारवर. जुनी बाभळ, आधी तुकड्यावर बघितलं. सहाला काळा डाग, तीनला नुसती फुंकर. पाचच. सँडपेपर नं. ८०. चाडं काय उजळलंय! कळंबात असं काम दुसरा कोण करतोय, दाखवा.

कडंला एका बाजूला खड्डा. कुठंतरी आपटलं असणार. कड सारखी करायला घेतली.

मंगळ., दुपार
बायको च्याचा कप घेऊन आली. ती पिंपळीची, लग्नाआधी पेरलंय तिनं. चाडं बघितलं. त्या खड्ड्यात मनगट टेकवलं नि मूठ धरून दाखवली.
"आवं, खड्डा न्हाय ह्यो. पेरताना हितं हात टेकतोय."
तवर निम्मा घासून गेलेला. मशीन बंद केलं. आकडा चुकला नव्हता, पाचच बरोबर व्हता. पण लाज वाटली. जेवन गेलं न्हाय.

बुध. १४
पटाशीनं परत खोलगट करता येतंय. अर्ध्या तासाचं काम, कुणाच्या बापाला कळायचं न्हाय. बायको म्हणाली, करा की, येतंय तुमाला. अशा आवाजात म्हणाली की पटाशी खाली ठेवली.
तात्यांना फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं.  तात्या म्हणाले, आईलाच आणतो.

शुक्र. १६
आली म्हातारी. वाकलीय, पण नजर तेज. चाडं मांडीवर घेतलं, मनगट बरोबर तितंच टेकवलं.
"एवढं झिजाया माजी उमर गेली बाबा. तुज्या मशीनला किती येळ लागला?"
खोटं बोलवंना. म्हटलं, "दोन मिनटं, मावशी."
हसली. हात काय उचलला न्हाय. "मग आता सावकाश खोल कर. मनगट हाय की हितं, माप घे."
पेन्सिल घेतली, तिच्या हाताच्या कडंनं रेघ मारली. 
तात्यांना न्हाय पटलं. उरलंय तेवढं खरं हाय, त्याला हात लावू नका म्हणाले. म्हातारी म्हणाली, चाडं माजं हाय का तुजं? मायलेकांची चांगलीच जुंपली. चाडं ठेवून गेले. घरी ठरवून कळवतो म्हणाले.

रवि. १८
फोन न्हाय. बायकोला विचारलं, तू असतीस तर? म्हणाली, मला काय इचारता, मनगट माजं न्हाय.
रेघ अजून कडेवर हाय. मशीनचा आकडा एकवर आणून ठेवलाय. प्लग लावलेला न्हाय.