सनासाठी अमेरिकेचं स्थळ

शुक्रवार, १० जानेवारी २०२५. जेद्दा

सनाने जेवताना सांगूनच टाकलं. तिच्या हॉस्पिटलातला फिजिओथेरपिस्ट, यूसुफ. अमेरिकन, काळा. त्याच्याशी लग्न करायचंय. ह्यांचा घास हातातच राहिला. मग एकच प्रश्न, "कधीपासनं मुसलमान?"
पोरगी तडक इंग्लिशवर गेली. राग आला की तिचं मराठी सुटतं.

सोमवार, १३ जाने.

हे बलदच्या जुन्या बाजारात दुकानावर लवकर निघून जातात. आज निघताना एवढंच, "रत्नागिरीत थोरल्या भाईजानना काय तोंड दाखवू? आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे मुसलमान." रंगाचं माझ्याही मनात आलंच. पण मुलगा बघायला काय हरकत?

गुरुवार, १६ जाने.

यूसुफ येऊन गेला. उंच, दारात वाकावं लागलं. ह्यांनी हिंदीत तोच प्रश्न केला, सनाने इंग्लिश करून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, घरात पहिले कलमा पढून मुसलमान झाले ते आजोबा, आईचे वडील. "पण आमच्या लोकांना गुलाम करून जहाजांतून नेलं, तेव्हाही त्यांत नमाजी होते. मालकांनी नावं बदलली, पोरं विकली. दीन-धर्म शिकवायला कोण उरणार?"
ह्यांचा चहा तसाच राहिला.

शनिवार, १८ जाने.

असरच्या नमाजनंतर यूसुफच्या आईचा व्हिडिओ कॉल. अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर असते, तिकडे सकाळ. तिची आजी चर्चला जायची. पण वर्षातून एकदा तांदळाचं पीठ मधात मळून गोळे करायची, पोरांना ओळीत बसवून वाटायची. नाव 'साराका'. आजीच्या आजीपासून चालत आलेलं, अर्थ तेव्हा कुणालाच ठाऊक नाही.
सना सांगत होती तोवर हे फोनकडे सरकलेच. "काय? परत बोला."
"साराका."
"सदका!" केवढ्याने ओरडले. "सना, सांग त्यांना! सदका तो, अल्लाच्या नावाने दान! आम्हीपण वाटतो!"
ती बाई मान हलवत हसायला लागली. म्हणाली, "माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते रडले होते."


सोमवार, २० जाने.

भाईजानना ह्यांनी आपणहून फोन लावला. सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. तिकडून, "रमजान होऊ दे, मग बघू." सना हिरमुसली. मी म्हटलं, अगं, नाही तर म्हणाले नाहीत ना!

गुरुवार, २३ जाने.

हे मोठ्या दोन सुरमया घेऊन आले. एवढ्या कशाला?
"उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर त्या पोराला जेवायला बोलव." मग हात धुताधुता, "काटे काढायला जमतं का त्याला, सनाला विचार."