आईच्या फोटोतले डोळे

११ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं बरं आहे, म्हणजे बाबा आणि मी. बाबांचा खोकला कमी आहे. स्टुडिओच्या दर्शनी काचेला तडा गेला होता, ती बदलून घेतली. तू बरी असशील असं धरून चालते, विचारत नाही.

तुझ्या फिल्मचं सगळीकडे कौतुक होतंय, अभिनंदन. मेलेल्यांच्या फोटोंचं जिवंत माणसं काय करतात, हा तुझ्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी तुला लांब जावं लागलं नाही. बाबांनी जन्मभर काम केलं आणि तू आयत्या बिळावर नागोबा. हे वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तेच लिहिलं.

आता निगेटिव्हचं. आईचा मूळ, डोळे मिटलेला फोटो तुला प्रदर्शनात भिंतभर मोठा करून रंगवलेल्या फोटोशेजारी लावायचाय. निगेटिव्ह कपाटात आहे. मी पाठवणार नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, मागतेय तर देऊन टाक, तिच्या कामाला येईल. तू मागायचं आणि बाबांनी द्यायचं, हे काही नवीन नाही.

कारण सांगायला मी बांधलेली नाही. पण कारण न देता नाही म्हणणं मला जमत नाही.

फिल्म दाखवलीस त्या दिवशी मी तुझ्या प्राध्यापकांशेजारी बसले होते. पडद्यावर बाबा आपली पद्धत समजावत होते. गेलेल्या माणसाचे डोळे फोटोत मिटलेले असले, तर त्याच्या रक्ताच्या कुणाला तरी स्टुलावर बसवायचं, दिवा लावायचा आणि त्याचे डोळे बघून फोटोवर डोळे रंगवायचे. बाबा त्यांना उसने डोळे म्हणतात. यात मला नवीन काय? आता मीही तेच करते. गिऱ्हाईक रडत असतं आणि मी म्हणते, जरा पापणी हलवू नका.

मग कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला, "आणि आईला कुणाचे दिले?"

बाबा हसले. "धाकटीचे. पाच वर्षांची होती. वाढदिवसाचा फोटो काढतो सांगून बसवली."

लोक हळहळले. प्राध्यापकांनी काहीतरी टिपून घेतलं. मी टाळ्या संपेपर्यंत बसून राहिले, कारण मधूनच उठणं बरं दिसत नाही. बाहेर तू म्हणालीस, "अगं, दिवा मीच धरला होता. मला वाटलं, तुला आठवत असेल."

मला सांगितलेलं असं, की आई खिडकीपाशी बसली असताना आपल्या भिंतीवरचा तो फोटो काढला. शाळेत घालीपर्यंत बाबांनी मला त्याच फोटोखाली बसवून शिकवलं. पाढा अडला की म्हणायचे, आई बघतेय हं. मी वर बघायची. ताई, त्या डोळ्यांत भीती आहे. तुझ्या फिल्मवर लिहिणारे तिला गूढ नजर म्हणतात. मला वाटायचं, आई मला भिते. मी काहीतरी केलं असणार, म्हणूनच ती गेली. मग मी अक्षर वळणदार काढलं, पानात काही टाकलं नाही, खोटं बोलले नाही. तरी ती भ्यायलेलीच.

ती आई नव्हती. पापणी हलवू नकोस म्हणून दटावलेली मी होते.

बाबांनी हे मला सांगायला हवं होतं. कधीतरी सांगितलंही असतं, घरात, दार लावून. तू ते कॅमेऱ्यासाठी काढून घेतलंस आणि मला परक्यांच्यात बसवून ऐकवलंस. बाबांवर रागावता येत नाही, ते थकलेत. तुझ्यावर येतं.

शूटिंगआधी तू आमच्या सह्या घेतल्यास. ज्याचा चेहरा दिसेल त्याची परवानगी हवी, आणि तो नंतर नाही म्हणाला तरी काढून टाकायचं, हा तुमच्या शास्त्राचा पहिला नियम, असं तूच समजावलंस. आईची परवानगी आता तुला मिळायची नाही. राहिले डोळे. ते माझे आहेत आणि मी नाही म्हणते. प्रदर्शनातूनही काढ आणि फिल्ममधूनही.

ते काढलं तर फिल्मच उरत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. नाही उरली तर न उरो.

बाबा तुझी वाट बघतात, म्हणून ये. येताना कॅमेरा आणू नकोस.

भिंतीवरून इतकी वर्षं तुझ्याकडेही बघत असलेली,
धाकटी