भाऊच्या होडीचा पंखा

नाना, परवा कुकरची रिंग आणायला गेले आणि तेव्हापासून तुम्ही सारखे समोर येताय. तुमचे जावई गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन अन्नपूर्णेच्या बाजारात गेले. घरात कुणाला सांगितलं नाही. दुकानात उभी राहून एकेक रिंग बोटांत दाबून पाहत होते. ही कडक आहे, हिची कड नीट बसणार नाही. दुकानदार कंटाळला. "माताजी, सब एक जैसी हैं." मी म्हटलं, "नहीं हैं भैया, देखने दो." घरी आले तर नणंद बसलेली. पिशवीत डोकावून म्हणाली, "वहिनी, कमाल आहे तुमची. माझ्या भावाची राख अजून थंड झाली नाही." मी रिंग झाकणाला बसवली, डाळ-तांदूळ लावले, शिट्टी नीट झाली. मला काही वाटलं नाही. नणंदेच्या बोलण्याचंही नाही. असं काही न वाटणं मी आधी एकदा पाहिलंय, तुमच्या चेहऱ्यावर. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

आपण तेव्हा इथेच इंदूरला, छत्रीबागेत राहायचो. शेजारच्या मालवी मुलांना फार गंमत वाटायची की आम्ही वडिलांना नाना म्हणतो. त्यांचा नाना म्हणजे आईचा बाप. तुम्ही आधी दरबारच्या मोटारखान्यात होतात. संस्थान गेलं, पाटी बदलली, आणि त्याच शेडमध्ये त्याच पान्यांनी तुम्ही मध्य भारत सरकारच्या गाड्या दुरुस्त करू लागलात. उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला आली की तुमचं काम वाढायचं. त्याच दिवसांत आपल्या थोरल्या भाऊला मुदतीचा ताप आला. मॅट्रिकचा निकाल लागलेला होता, कॉलेजात जायचं होतं. ताप उतरला, आम्हाला हायसं वाटलं, मग उलटला, आणि भाऊ गेला. आई आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. तुम्ही रडला नाहीत. पाहुण्यांना पाणी दिलंत, ब्राह्मणांचं सगळं पाहिलंत, आणि तेरावं होताच वर्कशॉपला जाऊ लागलात. बायका दबक्या आवाजात बोलायच्या, ते मी ऐकलं. तुम्हीही ऐकलं असणार.

मग एका संध्याकाळी तुम्ही माळ्यावरून भाऊची होडी काढलीत. सागाच्या पट्ट्यांची, हातभर लांब, निळा रंग अर्धाच दिलेली. मुंबईच्या मामांनी पाठवलेली चिमुकली मोटर त्याने तिच्यात बसवली होती आणि पितळेच्या पत्र्याचा तीन पात्यांचा पंखा स्वतः कापून कथलाने झाळला होता. तुम्ही घंगाळात पाणी भरलंत, सेल जोडले. होडी पाण्यावर नुसती थरथरू लागली. घंगाळाच्या कडेला लागून कुर्रर्र आवाज यायचा, आणि पंख्याची दांडी जिथून बाहेर येते तिथून पाणी आत झिरपायचं. मी शेजारी उकिडवी बसले होते. तुम्ही सेल काढलेत, पंखा बोटाने फिरवलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "एक पातं जड आहे, म्हणून थरथरतेय. तोलायला पाहिजे." तेरावं झाल्यापासून तुम्ही घरात बोललेलं ते पहिलं लांब वाक्य असावं.

रविवारी तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून सियागंजच्या बाजारात नेलंत. मला का नेलंत ते मला कधी कळलं नाही. बहुतेक मी दारात उभी होते म्हणून. ऊन रणरणतंय, दुकानांवर गोणपाटाचे पडदे ओले करून सोडलेत, आणि बोहऱ्याच्या हत्यारांच्या दुकानात तुम्ही कानशी बघताय. वर्कशॉपात कानशी होत्या, पण त्या गाड्यांच्या कामाच्या; एकाच घासण्यात पातं खाऊन टाकतील, म्हणालात. एक कानस उचलून अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढायची, नखावरची भुकटी पाहायची, खाली ठेवायची. शेवटी एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल अशी एक बारीक कानस बाजूला काढलीत. पातळी बघायची पाणसळ त्याने दाखवली ती गवंडीकामाची होती. तुम्ही ती काचेवर ठेवलीत, उलटी करून पुन्हा ठेवलीत, आणि म्हणालात, "इसका बुलबुला आलसी है. दूसरी दिखाओ." मग पंखा ज्यावर अडकवायचा ती सरळ सळई. सायकलचा आरा तुम्ही आधीच नको म्हटला होता, विणायची सुई पंख्याच्या भोकात सैल बसत होती. बोहऱ्याने भोकं पाडायच्या बारीक बरम्यांचा डबा पुढे केला. बरम्याचा मागचा गुळगुळीत भाग घासून काढलेला असतो, त्याच्याइतकं सरळ काही मिळणार नाही, हे तुम्ही मला मराठीत समजावलंत आणि माझ्या हातात एकेक बरमा देऊन काचेवरून घरंगळवायला लावलात. "खालून उजेड दिसतो का बघ." एकाच्या खालून दिसला नाही. तो घेतला.

बोहरी म्हातारा कौतुकाने बघत होता. त्याने विचारलं, "इत्ती बारीक चीज़ें काहे के वास्ते, साब?"

"लड़के की नाव है. उसका पंखा तौलना है."

"अच्छा शौक है. कित्ता बड़ा है लड़का?"

तुम्ही बरमा कागदात गुंडाळत होतात. हात थांबला नाही. "अबके कॉलेज में जाएगा," म्हणालात.

मी काचेखालचे खिळे बघत राहिले. बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजलात. रस्ताभर मी वाट पाहिली की तुम्ही काहीतरी म्हणाल. छत्रीबागेच्या वळणावर तुम्ही एवढंच म्हणालात, "त्या माणसाला उगीच कशाला सांगायचं." मी बरं म्हटलं.

घरी आई उठून बसली होती. सिगडी पेटवून तिने पोळ्या करायला घेतल्या होत्या, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पुडा सोडलात. कानस, बरमा, पाणसळ, दाढीच्या नव्या ब्लेडांचं पाकीट. तिने पाहिलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"पोरगं गेलं माझं," ती म्हणाली, "आणि तुम्ही खेळणी घासत बसणार?"

तुम्ही पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिलात.

"लोक मला विचारतात. मी काय सांगू त्यांना? तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही खाली बसलात आणि अगदी साध्या आवाजात, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं, म्हणालात, "नाही वाटत. मी सकाळी उठून बघतो, काही वाटतंय का. नाही वाटत. हात तेवढे चालतात, म्हणून हातांना काम दिलंय." तव्यावरची पोळी जळाली. आईने ती काढली, बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

तुम्ही मधल्या खोलीत लाकडाच्या ठोकळ्यावर दोन ब्लेडं समोरासमोर उभी बसवलीत, धारा वर, आणि पाणसळ ठेवून दोन्ही एका पातळीत आणलीत. त्या धारांवर बरमा आडवा, बरम्यावर पंखा. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद; त्या उन्हाळ्यात त्या खोलीत आपण दोघं घामाने निथळत बसायचो. पंखा डुलायचा आणि दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबायचं. तुम्ही त्यावर खडूची रेघ मारलीत. पात्याच्या पाठीवरून कानशीचे दोन हलके हात, मग पुन्हा धारेवर. मी जवळ वाकले की पंखा हलायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "श्वास तिकडे सोड." एकदा तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी कानस घेऊन पात्याची कड घासायला लागले. तुम्ही येऊन माझं मनगट धरलंत, घट्ट, दुखेल इतकं. "कडेला हात लावायचा नाही. कड त्याने कापलीय. वजन पाठीतून काढायचं." एवढंच. मग मनगट सोडलंत आणि कानस परत माझ्याच हातात दिलीत. त्या दिवशी पाठीवरून शेवटचे हात मी मारले.

जड पातं हलकं झालं तर दुसरं जड निघालं. असे किती दिवस गेले, मला सांगता येणार नाही. तुम्ही वर्कशॉपातून यायचात, चहा घ्यायचात आणि ठोकळ्यासमोर बसायचात. शेवटी एका संध्याकाळी पंखा कसाही ठेवला तरी तिथेच राहू लागला. कुठलंच पातं खाली यायला मागत नव्हतं. तुम्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलात. आई कधी दारात आली ते कळलं नाही. ती आत आली, खाली बसली, आणि बोटाच्या टोकाने तिने पंखा जरासा फिरवला. तो तिने सोडला तिथे थांबला. तिने पुन्हा फिरवला. पुन्हा थांबला.

"आता काय करणार याचं?" तिने विचारलं.

"पाण्यात सोडून बघायचं. सिरपूरला."

"मी येते," आई म्हणाली. भाऊ गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

टांगा केला. सिरपूरच्या तलावाला उन्हाळ्याचं पाणी आटलेलं, कडेचा चिखल तडकलेला, लांबवर एक भोई छोट्या नावेत जाळं आवरत होता. तुम्ही विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात गेलात आणि होडी सोडलीत. ती थरथरली नाही. आवाजही जवळजवळ नव्हता. एक सरळ रेघ मागे सोडत ती निघाली, आणि जातच राहिली. परत वळायची सोय भाऊने तिच्यात केलेली नव्हती, किंवा करायची राहिली होती. मधल्या पाणवेलीत शिरून ती अडकली. भोई ओरडला, "लाऊं क्या, साब?" तुम्ही हात हलवून म्हणालात, "रहने दो."

तेव्हा आई पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "रहने दो काय? होडी आणायला सांगा. त्याची आहे ती."

भोयाने आणून दिली. परतताना आईने होडी मांडीवर घेतली होती. पाणी गळून तिचं लुगडं भिजलं तरी तिने ती खाली ठेवली नाही. तुम्ही पुढे टांगेवाल्याशेजारी बसला होतात. अर्ध्या वाटेत तुम्ही त्याला थांबायला सांगितलंत, उतरलात आणि बाजूच्या एका पडक्या भिंतीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिलात. बराच वेळ. टांगेवाल्याने विचारलं, "साब को क्या हुआ, बाई?" आई म्हणाली, "कुछ नहीं. रुको थोड़ा." मी वळून बघायला लागले तर तिने माझी मान हळूच सरळ केली. तुम्ही परत येऊन बसलात आणि घोडा चालू लागला. भिंतीपाशी काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या रात्री तुम्ही आईला पोळी वाढ म्हणालात, आणि अजून एक वाढ म्हणालात.

होडी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. लग्नानंतर मी माहेरी येई तेव्हा ती कोनाड्यात दिसायची, मग घर बदललं आणि दिसेनाशी झाली. तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली, आणि हे पत्र मी कुठे टाकणार. सून मघाशी डोकावून गेली. मी डोळे मिटून घेतले, कारण ती जवळ बसून हात हातात घेते आणि मग मला काय करावं सुचत नाही. दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आल्या होत्या. चांगल्या आहेत. म्हणाल्या, "आपको उनकी बहुत याद आती होगी." मी हो म्हटलं. तुम्हाला खरं सांगते, नाना, अजून येत नाही.