वरची रेघ

बोरीवली, बुधवार, संध्याकाळी सात

आज चिनीच्या क्लासला ‘आकाश’चं अक्षर चुकलं. म्हणजे चुकलं का, तेच कळत नाहीये. चार रेघा, चारही जागच्या जागी. मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “वरची आडवी रेघ शेवटी मारलीस ना? ती सगळ्यात आधी असते. बघ केवढी लांब गेलीय. शिरोरेघच दिलीस तू.”

शेजारून ऑफिसातला नीलेश म्हणाला, “आता तिच्यावर कपडे वाळत घाल.”

हसले नाही. शनिवारी परीक्षा. लिहिताना मॅडम हात बघणार, आणि त्यांच्या शेऱ्यावर ऑफिस आमच्यापैकी एकालाच शेन्झेनच्या कारखान्यात पाठवणार. मला जायचंय. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

घरी येऊन चाळीस वेळा लिहिलं. त्यात अकरा वेळा वरची रेघ शेवटीच आली. मग आईला विचारलं, आपण शिरोरेघ नंतर का देतो?

“अगं, शब्द केवढा होणार ते आधी कसं कळेल?”

पटलं. पण मग चिनी रेघ आधी का? तिलाही असंच काहीतरी कारण असणार. ते कळल्याशिवाय हात ऐकणार नाही, की मीच त्याचे लाड करतेय? मॅडमना विचारायला हवं. पण विचारलं तर त्यांना वाटेल, हिला अजून एवढंही कळलेलं नाही. नीलेशही ऐकणार.

शनिवारी विचारायचं. परीक्षेच्या आधी की नंतर, हे ठरत नाहीये.