कवायतीची चाल

४ जून

ती. बाबांना सा. न.

फोन केला की तुम्ही ‘जेवायला बसतोय’ म्हणून सुटका करून घेता, म्हणून पत्र. ख्यालीखुशाली विचारण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

आईने तुमच्या पायाचा फोटो पाठवला. चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जखम. ती भरली नाही तर अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरांनी बजावलं आणि तुम्ही त्यांनाच समजावलंत की दुखत तर काहीच नाही. बाबा, साखरेने तुमचा पाय सुन्न झालाय, दुखेल कसा? म्हणूनच तर तुम्हाला आमच्या दवाखान्यातल्या चालतपासणीच्या खोलीत बोलावलं होतं.

त्या दिवशीचे आलेख मी पुन्हा काढले. जमिनीत बसवलेल्या, पावलाचा भार मोजणाऱ्या पट्टीवरून चालताना तुमचा सगळा भार टाचेवर होता. पडद्यावर टाच लालभडक, अंगठ्याखाली निळं, म्हणजे तिथे भार जवळपास नाहीच. मी बुटात टाचेखाली मऊ तळ घालून दिला, आणि जखम झाली ती निळ्या जागेवर. माझंच काही चुकलं म्हणून डोकेफोड केली, मग आईला विचारलं. ती म्हणाली, घरात तुम्ही पुढे वाकून, भिंत धरून, पाय ओढत चालता. म्हणजे एरवी भार चवड्यावरच, आणि माझ्या पट्टीवर तुम्ही छाती काढून, टाच आपटत कवायत केलीत. कोणाला फसवलंत तुम्ही? मशीनला काय फरक पडतो, अंगठा तुमचा आहे. मुकाट्याने परत या.

लोभ आहेच, पण सध्या राग वर आहे.

तुमची भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं, रागाच्या ठिकाणी आवाज चढवून. तिची चांगली करमणूक झाली, माझं डोकं फिरलं.

त्या दिवशी दारातच तू सगळ्यांना गोळा केलंस. हे माझे बाबा, कवायतीचे मास्तर, अख्ख्या शाळेला यांनी चालायला शिकवलं, असं सांगितलंस. तुझे साहेबसुद्धा खुर्ची सोडून आले. मग मी काय लंगडत जायला हवं होतं? तुझी मान खाली जाऊ नये म्हणून चाललो. पोटऱ्या नंतर आठवडाभर ठणकत होत्या.

माझ्या आधी एक आजीबाई होत्या. तू त्यांना नातवंडांच्या गोष्टीत गुंतवून इकडून तिकडे फिरवलंस, पट्टी कुठे आहे याचा पत्ता लागू दिला नाहीस. पहिल्या फेऱ्या मोजल्यासुद्धा नाहीस. मला मात्र पट्टीपुढे उभं केलंस आणि एका फेरीत शाबासकी देऊन टाकलीस. त्यांची चाल तपासलीस, माझी मिरवलीस. आता फसवलं म्हणून माझ्यावरच डाफरतेस. मी पुन्हा येणार नाही.

आशीर्वाद आहेत, ते काही मी मागे घेत नाही.

बाबा

१३ जून

ती. बाबांना सा. न.

तुमचं खरं आहे, आणि म्हणून माझा जास्तच संताप होतोय. पट्टी दिसली की माणूस जपून पाऊल टाकतो, म्हणून आम्ही गप्पा मारतो. नव्या मुलींना मीच हे शिकवते. तुमच्या वेळी मला त्याची आठवणही झाली नाही, कारण मला तुम्ही तसेच ताठ चालायला हवे होतात.

पण आपल्या भांडणासाठी जखम थांबणार नाही. डॉक्टरांनी महिनाअखेरीपर्यंतच वाट बघू म्हटलंय. भार नक्की कुठे पडतो ते कळल्याशिवाय मी तळ बदलू शकत नाही. गुरुवारी या. मी खोलीत नसेन. माझी सहकारी तुम्हाला ओळखत नाही, ती तपासेल. मी बाहेर बाकावर बसेन. तिच्यासमोर हवं तसं लंगडा.

उत्तर हट्टाने नको, पायाकडे बघून द्या.

भिंगरी

१६ जून

चि. भिंगरीस अ. आ.

गुरुवारी येतो. पण तू बाकावर बसणार असशील तर दारातूनच परत फिरेन. परक्या बाईसमोर लंगडायचं आणि पोटच्या पोरीपासून लपायचं, इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

तू पट्टीच्या पलीकडच्या टोकाला उभी राहा. मी घरात चालतो तसा येईन. वेळ लागेल. मधेच हात द्यायला धावू नकोस, आणि तोंडही फिरवू नकोस.

बाबा